चित्र आपलं, नियम कुणाचा? खेळायचे राहून गेलेले चार व्हिडिओ गेम



आजच्या भाषणाचा विषय कळल्यावर एका परिचितांचा मला फोन आला. म्हणाले, “मॅडम, पोरांच्या हातातला मोबाईल कसा सुटेल यावर बोला. तुम्ही उलट गेम खेळा म्हणून सांगायला निघालात!” (हशा) मी त्यांना म्हटलं, आपल्या गावात ही परंपरा जुनी आहे. वेरूळला एकवीस नंबरचं लेणं आहे, रामेश्वर. आपण सगळे कैलास बघतो आणि चहाला वळतो, त्यामुळे ते बरेचदा राहून जातं. तिथे शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. खाली गण नंदीची खोडी काढतायत. म्हणजे वर डाव रंगलाय आणि खाली पोरांचा दंगा चाललाय. दिवाणखान्यातलं चित्रच ते.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना माहीत आहे. १८७१च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबादेत हरिकृष्ण शर्मा नावाचे एक ज्योतिषी होते. त्यांनी ‘बृहज्ज्योतिषार्णव’ नावाचा भला मोठा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यातला एक भाग खास खेळांसाठी ठेवला. त्याचं नाव ‘क्रीडाकौशल्य’. त्यात बुद्धिबळ आहे, सोंगट्या आहेत, आणखीही बैठे खेळ आहेत. एक विद्वान माणूस, ज्याचं काम ग्रहगणित, तो बसून खेळाचे नियम लिहून काढतो. खेळ ही लिहून ठेवण्याजोगी, विचार करण्याजोगी गोष्ट आहे असं त्याला वाटलं. मला आज एवढंच पुढे न्यायचंय.

मी मराठी शिकवते, कॉम्प्युटर नाही. गेमकडे मी आले ती मुलामुळे. तो दहावीत असताना आमच्याकडे रोज भांडण व्हायचं. शेवटी एकदा मी म्हटलं, बस माझ्याशेजारी, दाखव काय आहे त्यात. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की आपण सिनेमावर बोलतो, नाटकावर बोलतो, कादंबरीवर तर भांडतोसुद्धा. पण गेमबद्दल आपल्याकडे दोनच वाक्यं आहेत. ‘व्यसन आहे’ हे एक आणि ‘भारी ग्राफिक्स आहेत’ हे दुसरं. यात समीक्षा कुठे आहे?

तर गेमचं मोजमाप कशानं करायचं? मी मोक्षपटाचं उदाहरण घेते. सापशिडीचा आपला जुना पट. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. असे पट देशात बऱ्याच ठिकाणी होते, जैनांचे होते, वैष्णवांचे होते. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण, सगळ्यात वर मोक्ष. आता नीट बघा. पटावरचं चित्र काय सांगतं? चांगलं वागा, वर जाल. आणि नियम काय सांगतो? कवड्या पडतील तसं जाल. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहे! खेळणाऱ्याला चित्र ऐकू येतं एक आणि हाताला येतो अनुभव दुसरा, आणि या दोहोंच्या ओढाताणीत त्या खेळाचा अर्थ आहे. पुढे हा पट इंग्लंडात गेला, तिथून मुलांचा खेळ होऊन परत आला. चित्रातला धर्म गळाला, नियम तोच राहिला.

पच्चिशीचंही तसंच. इंग्लंडात १८९६ साली तिचं ‘लुडो’ म्हणून पेटंट झालं, आणि नवी मुंबईतल्या एका कंपनीनं २०१६ साली काढलेला ‘लुडो किंग’ लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी खेळला. मावशी पुण्यात, काका नांदेडला, आणि सोंगटी मारली म्हणून फोनवर रुसवे. (हशा) त्याला माझ्या शिफारशीची गरज नाही. पण प्रश्न तोच विचारायचा. चित्र काय सांगतंय, आणि नियम काय सांगतोय?

या प्रश्नानं मी आज चार गेम तपासणार आहे. चारही आपल्या माणसांनी केलेले किंवा आपल्या माणसांबद्दलचे, आणि चारही आपल्याकडे फार थोड्यांनी खेळलेले. आधी एक सांगून ठेवते. ‘आपलं आहे म्हणून खेळा’ असं मी एकदाही म्हणणार नाही. खादीचा रुमाल घ्यावा तसा कुणी गेम घेत नाही. अशा कौतुकानं त्या कलाकाराचा अपमान होतो. त्याच्या चुका कुणी त्याला सांगत नाही आणि त्याचं जे खरंच चांगलं आहे तेही कुणी बघत नाही.

पहिला गेम पुण्याचा. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या स्टुडिओनं केला. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पूर्ण झाली नाही. तरी रेटून त्यांनी काम केलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर आणि बाकी कन्सोलवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पहिल्या गेमसाठी त्याला नामांकन होतं. जगानं दखल घेतली. आपल्याकडे, माझ्या वर्गात साठ मुलं आहेत, मी विचारलं, एकानं नाव ऐकलं होतं. बाकीच्यांना वाटलं मी कुणा मुलीबद्दल विचारतेय.

गोष्ट साधी आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला असुर पळवून नेतात, आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. गोष्ट सांगायला दोघं आहेत, दुर्गा आणि विष्णू, आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही! एक म्हणते ही पोर जिंकेल, दुसरा शंका काढतो. कीर्तनात बुवा एक आणि मागे झांजवाला दुसरंच काही बोलतोय, तशी मजा येते. मधले प्रसंग सावलीच्या बाहुल्यांनी दाखवलेत. ज्यांनी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांचे चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ पाहिलेत, त्यांच्या अंगावर काटा येईल. राजवाडे राजस्थानी, भिंतीवरची चित्रं पहाडी शैलीच्या वळणाची. म्हणजे चित्राच्या बाजूनं पैकीच्या पैकी गुण.

आता नियमाकडे या. राजी धावते, भिंतीवरून पळते, खांबावर चढून गिरकी घेऊन खाली मारते. ही मुलगी डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करत मोठी झाली, आणि तुमच्या हाताला तेच करायला लागतं. इथे चित्र आणि नियम एक आहेत, आणि इथे गेम खरंच उत्तम आहे. मध्येच वर्तुळात वर्तुळं असलेली चित्रकोडी येतात. कडी फिरवत फिरवत चित्र जुळवायचं, आणि जुळलं की बहीण-भावाची एखादी आठवण उलगडते. आठवण शांतपणे, हातानं जुळवावी लागते. हे मला फार आवडलं.

पण लढाई? ती परदेशी गेममधून उचललेली आहे. असुर येतात, रिंगण बंद होतं, सगळे मारले की दार उघडतं. पुन्हा असुर, पुन्हा रिंगण. हे नियम ग्रीक देवांच्या गेममध्येही हेच आणि जपानी भुतांच्या गेममध्येही हेच. शिवाय कॅमेरा मधूनच असा लांब जातो की आपली राजी कुठे आहे ते शोधावं लागतं. आणि शेवट! शेवट असा तुटतो की नाटकाचा पडदा तिसऱ्या अंकाच्या मध्येच पाडल्यासारखा वाटतो. पैसे संपले असतील, वेळ संपला असेल, मी समजू शकते. पण समीक्षक म्हणून मला हे सांगितलंच पाहिजे. तरीही खेळा. पाच-सहा तासांचा गेम आहे, नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाजही आलेत. घरात आठवी-नववीतली मुलगी असेल तर तिच्यासोबत खेळा.

दुसरा गेम, आणि माझ्या दृष्टीनं आजचा सगळ्यात महत्त्वाचा. ‘अनरेस्ट’. पायरोडॅक्टिल या भारतातल्या छोट्या स्टुडिओचा, २०१४ सालचा. दिसायला राजीच्या पासंगालाही पुरणार नाही. सपाट चित्रं, बोलणं सगळं लिहिलेलं, वाचत बसायचं. भीमरा नावाचं एक कल्पित प्राचीन भारतीय नगर आहे. पाऊस नाही, धान्य नाही, लोक चिडलेत, राजघराणं डळमळलंय, आणि शेजारच्या नागांच्या राज्याशी देवाणघेवाणीची बोलणी चाललीत. तुम्ही एकच नायक नसता. कधी शेतकऱ्याची मुलगी, कधी राजकन्या, कधी पुरोहित, कधी नागांची दूत. शस्त्र जवळजवळ नाहीच, बोलणं हेच शस्त्र. समोरच्याच्या मनात तुमच्याबद्दल तीन गोष्टी मोजल्या जातात: मैत्री, आदर आणि भीती. तुम्ही जे बोलाल त्यानं हे तिन्ही वर-खाली होतं.

मी हा लॅपटॉपवर खेळत होते तेव्हा माझी आई शेजारी बसलेली. आई जालना जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. खडी फोडायला गेलेली आहे ती. सुकडी, मिलो, हे शब्द तुमच्यातल्या काहींना कळतील, मुलांना घरी जाऊन विचारावे लागतील. तर गेममध्ये तान्या नावाची शेतकऱ्याची मुलगी आहे आणि घरचे तिचं लग्न ठरवतायत. न पाहिलेल्या मुलाशी. पाऊस नाही म्हणजे घरात खाणारं एक तोंड कमी होईल, हा त्यामागचा हिशेब. मी आईला इंग्रजीचं मराठी करून सांगत होते. काय बोलायचं याचे तीन-चार पर्याय पडद्यावर यायचे, आई बोट दाखवायची, मी दाबायचे. आईनं काय निवडलं ते मी इथे सांगणार नाही, तो तिचा डाव आहे. पण खेळता खेळता तिनं विचारलं, “ह्यात जिंकायचं कसं गं?” मी म्हटलं, “आई, ह्यात जिंकता येत नाही. नुसतं पुढं जाता येतं.” ती म्हणाली, “मग बराबर हाय.”

आईच्या तीन शब्दांत या गेमची सगळी समीक्षा आली. कारण अनरेस्टचा नियम हाच आहे. बाकी गेममध्ये तुमचं पात्र मेलं की पुन्हा सुरुवात होते, जणू मरण ही खेळणाऱ्याची चूक आहे. इथे पात्र गेलं तरी गोष्ट थांबत नाही, पुढच्या माणसाकडे जाते. गाव राहतं. दुष्काळावर आपल्याकडे कितीतरी कथा-कविता लिहून झाल्यात. पण चार वाईट पर्यायांतून एक निवडायची वेळ, घड्याळ, समोरच्याच्या डोळ्यातली शंका, हे ‘वाचणं’ वेगळं आणि ते स्वतः ‘करणं’ वेगळं. दुष्काळाचं चित्र सगळ्यांनी काढलं; दुष्काळाचा नियम या गेमनं लिहिला.

दोष सांगते. पात्रं बदलतात तशी ओळख अर्धवट राहते, दोन-तीन प्रकरणं घाईत उरकल्यासारखी आहेत, आणि ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्यानं वाटेला जाऊ नये. पण मराठवाड्यातल्या माणसानं, ज्याच्या घरात ही आठवण आहे त्यानं हा गेम न खेळणं म्हणजे मोठं नुकसान आहे.

दुष्काळातून आता समुद्राकडे जाऊ. तिसरा गेम गोव्याचा, ‘फरगॉटन फील्ड्स’. फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा, २०२१ सालचा. नायक सिद, लेखक. पहिल्या कादंबरीनं नाव झालं आणि मग पेन अडलं. आईनं लहानपणचं घर विकलंय, त्या घरात शेवटची एकदा सगळे जमणार आहेत, आणि त्याच दिवशी त्याच्या लेखनाची एक मुदत संपते आहे. एवढंच. एक दिवस, किनाऱ्यालगतचं छोटं गाव, जुने मित्र, रेंगाळणारं ऊन. मध्ये मध्ये सिदच्या डोक्यात जी नवी अद्भुतकथा घडतेय ती तुम्ही खेळता, आणि दिवसभरात त्याला जे भेटतं, जे बोलणं होतं, ते त्या कथेत झिरपत जातं.

इथला नियम काय? नियम असा की काही विशेष करायचंच नाही. कुणाशी गप्पा मारा, किरकोळ काम करा, बसा. रोज पाच मिनिटांत शंभर माणसं मारायची सवय असलेल्या बोटांना हे जड जातं. माझा मुलगा वीस मिनिटांत उठला. म्हणाला, “यात काही होतच नाही.” मी म्हटलं, घर विकलं जातंय रे. आपल्यापैकी कितीजणांनी गावाकडचा वाडा पडताना पाहिलाय, वाटण्या होताना पाहिल्यात? त्या शेवटच्या दिवशी आपण काय केलं होतं? चहा केला, फोटो काढले, माळ्यावरचं सामान बघितलं. काहीच केलं नव्हतं. तोच नियम आहे. चालणं-फिरणं जरा अवघडलेलं आहे, माणसं लाकडी वळतात, हे खरं. पण लिहिणाऱ्या, लिहायचं राहून गेलेल्या प्रत्येकानं एका रविवारी हा खेळावा.

चौथा लवकर सांगते, कारण बाहेर त्याला मान मिळालाय; दुर्लक्ष आहे ते आपल्याकडे. ‘वेनबा’, जुलै २०२३. टोरांटोतल्या विसाई गेम्सचा. तामिळ कुटुंब कॅनडात स्थायिक झालंय, आई वेनबा, मुलगा कवीन. आईच्या आईची पाककृतींची वही आहे, तिची पानं फाटलीत, डाग पडलेत. तुम्हाला स्वयंपाक करायचाय आणि गाळलेल्या जागा भरायच्यात. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा बसवायच्या हेच कोडं! इथे बसलेल्या निम्म्या बायका ते कोडं झोपेत सोडवतील, आणि गेमचे उस्ताद पोरगे अडतील. (हशा, टाळ्या) पण पुढे मुलगा मोठा होतो आणि एका प्रकरणात तुम्ही मुलगा असता. समोर आईच्या हस्ताक्षरातली तामिळ पाककृती आहे आणि ती त्याला धड वाचता येत नाही. मगाशी जे हात सराईतपणे चालत होते तेच आता चाचपडतात. भाषा हरवणं म्हणजे काय यावर मी वर्गात तास तास बोलते. या गेमनं ते दहा मिनिटांत माझ्या बोटांना शिकवलं. सॅन होजेला, लंडनला ज्यांचे नातू आहेत त्यांनी नातवासोबत खेळा. दीड तास लागतो. २०२४ साली त्याला पहिल्या गेमसाठीचा बाफ्टा मिळाला.

आता मुद्दा असा, की हे गेम खेळले का जात नाहीत? ‘लोकांना चव नाही’ हे उत्तर मला मान्य नाही. तीन साधी कारणं आहेत. एक, आपल्याकडे गेम म्हणजे फोन, आणि फोनवर गेम म्हणजे फुकट. हे चारही मुख्यतः कॉम्प्युटर-कन्सोलचे आणि विकत घ्यायचे. दोन, आपण गेम तासांवर तोलतो. शंभर तास चालला म्हणजे पैसे वसूल. दीड तासाचं नाटक बघून आपण म्हणतो का, की लवकर संपलं, पैसे परत द्या? गेमच्या बाबतीत मात्र तसं होऊ शकतं. स्टीम या दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांच्या आत परत करता येतो. ग्राहकासाठी नियम चांगलाच आहे, पण दीड तासाच्या गेमचा विचार करा. पूर्ण खेळून, डोळे पुसून, पैसे परत! दुकानाचा नियमसुद्धा एक गोष्ट सांगत असतो. तो सांगतो, छोटं करू नका.

तिसरं कारण भाषा. मी तुम्हाला हे सगळं मराठीत सांगतेय, पण अनरेस्ट खेळताना आईशेजारी बसून मला दुभाष्याचं काम करावं लागलं. ज्या बाईला तो गेम सगळ्यात जास्त कळला तिला तो एकटीनं खेळता येत नाही. हे माझ्या मनातून जात नाही. गेमचं भाषांतर हे खरं तर लेखकाचं काम आहे, आणि आपल्याकडे लिहिणारी मुलं भरपूर आहेत. इथे मराठी साहित्य शिकणारे कुणी असतील तर त्यांनी छोट्या स्टुडिओंना पत्र लिहावं: तुमचा गेम आम्ही मराठीत आणतो. कुणी नाही म्हणेल, कुणी हो म्हणेल.

वेळ संपलीय, दोन प्रश्न घेते.

मागून एका मुलानं विचारलंय, की मॅडम, हे सगळे गेम रडवणारेच आहेत, मजेचं काही नाही का? (हशा) बरोबर आहे, माझ्या निवडीचा तो दोष आहे. वयाचा परिणाम. पण राजीत उड्या मारताना तू रडणार नाहीस. तिथून सुरू कर.

दुसरा प्रश्न एका ताईंचा. म्हणतात, मुलानं आधीच खूप वेळ घालवलाय, त्यात हे आणखी कशाला? ताई, तुमची काळजी खरी आहे. मी एवढंच सांगते, जो गेम संपतो तो मुलाला द्या. फोनवरचे बरेच गेम संपू नयेत म्हणूनच रचलेले असतात. उद्या परत या, बक्षीस घ्या. या चारही गेमना शेवट आहे. संपल्यावर मुलाला विचारा, तू काय निवडलंस आणि का. माझ्या आईला मी अजूनही विचारते. परवा ती म्हणाली, “त्या पोरीचं पुन्हा लाव. ह्या वेळी दुसरं बोलून बघू.”